जळगावच्या उन्हात गॅमा मोजताना

गॅमा मोजायला किरण आदळला की चमकणारा स्फटिक लागतो. त्यातला सोडियम आयोडाइडचा स्फटिक हवेतला ओलावा शोषून पिवळा पडतो. म्हणून हातात धरायच्या उपकरणाला थॅलियम मिसळलेला सीझियम आयोडाइड बरा. त्याचा उजेड 550 नॅनोमीटरच्या आसपास, सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरला (उजेडाचे विजेचे ठोके करणारा सेन्सर) चालण्यासारखा. स्फटिकाला नळाच्या जोडाची टेफ्लॉन टेप चार-पाच पदर गुंडाळा, एक बाजू मोकळी ठेवा, तिथे सिलिकॉन ग्रीसचा थेंब लावून सेन्सर बसवा. बुडबुडा राहिला की उजेड परततो नि ऊर्जेच्या आलेखातलं शिखर पसरट होतं. वरून काळी टेप. सुईएवढी फटही खोटे ठोके देते.

खरी गोची मे महिन्यात. पारा 45 वर गेला, की सेन्सरचं ब्रेकडाउन व्होल्टेज (ज्याच्या वर तो ठोके देऊ लागतो) अंशामागे काही दशक मिलिव्होल्ट चढतं. पुरवठा तोच राहिल्याने गेन (ठोका मोठा करण्याची पट) उतरतो, शिखर डावीकडे सरकतं. वर अंधारातला गोंगाटही (उजेडाविना उठणारे ठोके) वाढतो. थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा भाग) सेन्सरला चिकटवून व्होल्टेज त्याबरहुकूम वाढवा. आकडा डेटाशीटमधूनच घ्या, अंदाजपंचे नको.

तपासणीला केळीला घालतात तो पोटॅश पुरतो. किलोभर म्युरिएटमध्ये (म्हणजे या पोटॅशमध्ये, पोटॅशियम क्लोराइडमध्ये) किरणोत्सारी पोटॅशियम-40 चे सेकंदाला सुमारे 16,000 क्षय होतात, पण 1461 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा त्यातल्या जेमतेम 11 टक्क्यांतच. स्फटिक लहान असेल तर पिशव्या चहूबाजूंनी रचून रात्रभर मोजणी ठेवा.