माझा अनुभव: टीडीएसचे सव्वासात हजार परत मिळवायला लागलेले दहा महिने

"आम्ही टीडीएस भरलाय. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

ऑक्टोबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात मी ज्याच्याकडे काम केलं त्या मोठ्या ठेकेदाराच्या ऑफिसात, एकाच टेबलासमोर उभं राहून हे वाक्य मी सहा वेळा ऐकलं. टीडीएस म्हणजे बिलाचे पैसे देणारा आधीच कापून आपल्या नावाने सरकारकडे भरतो तो कर. प्रत्येक खेटा म्हणजे अर्धा दिवस, साइट सोडून. म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझ्यासारखी गिलावा, फरशी, सेंट्रिंग, रंगकाम अशी पेटी कामं, म्हणजे मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालची छोटी कामं, घेणारी माणसं रिफंड अडकला की इन्कम टॅक्सला शिव्या देतात आणि गप्प बसतात. माझा रिफंड इन्कम टॅक्समध्ये अडकला नव्हता. मी ज्याच्याकडे काम केलं, त्याच्या ऑफिसातल्या एका ओळीत अडकला होता.

मी गिलाव्याची कामं घेतो, फक्त मजुरीवर. सिमेंट-वाळू मोठ्या ठेकेदाराची, माणसं माझी. महिन्याला मोजमाप होतं, आरए बिल (झालेल्या कामापुरतं चालू बिल) लागतं, त्यातून पाच टक्के रिटेन्शन (नंतर द्यायला राखून ठेवलेली रक्कम) आणि एक टक्का टीडीएस कापून उरलेली रक्कम खात्यात येते. हा एक टक्का कलम १९४सी खालचा. एकट्या माणसाला एक टक्का, कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल तर दोन टक्के. एक बिल ३०,००० च्या वर गेलं किंवा वर्षाची बेरीज एक लाखाच्या वर गेली की कापतात. पॅन दिला नाही तर थेट वीस टक्के, तेव्हा पॅनची झेरॉक्स पहिल्याच दिवशी द्या.

२०२२-२३ मध्ये माझी बिलं १८,४०,००० ची झाली. त्यातला बहुतेक पैसा मिस्त्री आणि बिगाऱ्यांच्या रोजात जातो. कलम ४४एडी (छोट्या धंद्याचा नफा अंदाजे टक्क्यांत धरायची सोय) प्रमाणे बिलांच्या किमान आठ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेवर सहा टक्के नफा दाखवावा लागतो. मी दहा टक्के, म्हणजे १,८४,००० दाखवला, कारण हातात खरोखर तेवढेच उरले होते. त्यावर कर शून्य. म्हणजे कापलेले सगळे १८,४०० माझेच, परत यायला हवे होते.

१८ जुलै २०२३ ला आयटीआर-४, म्हणजे इन्कम टॅक्सचं रिटर्न, भरला, आधारच्या ओटीपीने त्याच दिवशी व्हेरिफाय केला. सप्टेंबरच्या मध्यावर पैसे आले. ११,४८०.

आधी वाटलं, बाकीचे मागून येतील. मग कलम १४३(१) ची सूचना (रिटर्न तपासून खातं पाठवतं ती) ईमेलमध्ये सापडली, ती मुलीने मोबाइलवर उघडून दिली. त्यात एक तक्ता असतो: डावीकडे आपण मागितलेलं, उजवीकडे खात्याने मान्य केलेलं. टीडीएसच्या ओळीत डावीकडे १८,४००, उजवीकडे ११,१५०. वरचे ३३० व्याजाचे. मागणी आणि मान्य यांत फरक सव्वासात हजारांचा. माझ्याकडच्या दोन मिस्त्र्यांचा चार दिवसांचा रोज तो.

माझ्या घरी बिलांची वही बायको लिहिते. प्रत्येक बिलाची तारीख, रक्कम, कापलेला टीडीएस, आलेली रक्कम. आम्ही वही आणि फॉर्म २६एएस (आपल्या पॅनवर लागलेल्या टीडीएसची सरकारी यादी) शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. एप्रिल ते डिसेंबरची बिलं तंतोतंत. जानेवारी ते मार्चची तीन बिलं, मिळून ७,२५,०००, २६एएसमध्ये नव्हतीच. पैसे कापलेले, बँकेच्या नोंदीत कापून आलेली रक्कम स्पष्ट, आणि सरकारच्या कागदावर माझ्या नावाने काहीच नाही. हे रिटर्न भरायच्या आधी पाहायला हवं होतं. ज्याच्याकडून भरून घेतला त्याने वहीतले आकडे टाकले, मीही २६एएस मागितला नाही. ही चूक माझी, आणि ती तुम्ही करू नका. रिटर्न भरायच्या दिवशी २६एएस आणि एआयएस (आपल्या पॅनवरच्या वर्षभराच्या व्यवहारांची सरकारी नोंद) दोन्ही उघडून बघा.

आता त्या ऑफिसबद्दल.

पहिल्या खेपेला अकाउंटवाल्या साहेबांनी मला टीडीएस भरल्याचं चलन दाखवलं. "हे बघा, मार्चचा टीडीएस भरलेला आहे." चलन खरं होतं. मी गप्प बसून परत आलो, कारण त्यावर काय बोलायचं ते मला कळत नव्हतं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला "दिवाळीनंतर या". दिवाळीनंतर गेलो तर साहेब रजेवर. मधल्या काळात माझ्या ओळखीतल्या एका सीएने मला जे समजावलं, ते माझ्या मते या सगळ्या लेखातलं सगळ्यात कामाचं आहे.

टीडीएस कापणं, टीडीएस भरणं आणि टीडीएस तुमच्या नावावर लागणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. चलनावर ठेकेदाराचा टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर) असतो आणि एकूण रक्कम असते. त्यात तुमचं नाव कुठेच नसतं. कोणाचे किती कापले हे ठेकेदार दर तिमाहीला २६क्यू नावाच्या विवरणात सांगतो, तिथे तुमचा पॅन आणि रक्कम जाते, आणि तिथूनच ती तुमच्या २६एएसमध्ये येते. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीची मुदत ३१ मे. त्यानंतर पंधरा दिवसांत तुम्हाला फॉर्म १६ए, म्हणजे त्या तिमाहीत कापलेल्या टीडीएसचं प्रमाणपत्र, मिळायला हवा. म्हणून ऑफिसात जाऊन "टीडीएस भरला का" हे विचारूच नका. "माझा १६ए द्या" एवढंच म्हणा. चलन दाखवून माणसाला परत पाठवता येतं, १६ए मागितला की शोधावंच लागतं.

पुढच्या खेपेला मी १६ए मागितला. उत्तर आलं, "मॅडमना सांगतो." त्यानंतरच्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "सिस्टीममध्ये तुमचा त्या तिमाहीचा १६ए निघत नाहीये, म्हणजे तुमचं कामच नसेल." तीन मजल्यांचा आतला गिलावा मी त्या तीन महिन्यांत केला होता. त्यांच्याच इंजिनिअरच्या सहीची मोजमापं माझ्या पिशवीत होती. ती टेबलावर ठेवली, कोणी उघडलीसुद्धा नाहीत. त्या दिवशी मला जितका राग आला तितका पैशांचाही आला नव्हता.

गाठ सुटली ती भलतीकडूनच. डिसेंबरात त्याच साइटवरचा रंगकामवाला दादा चहाच्या टपरीवर भेटला. तो वैतागलेला होता. त्याचं रिटर्न भरायचं राहिलं होतं, उशिराचं रिटर्न भरायला ३१ डिसेंबरपर्यंतच वेळ, आणि त्याचा सीए त्याला विचारत होता, "हे जादाचं सव्वासात लाखांचं काम कुठलं? तू मला सांगितलं नाहीस." त्याने एवढं काम केलंच नव्हतं. मी आकडा पुन्हा विचारला. सात लाख पंचवीस हजार. चहा तिथेच ठेवून आम्ही दोघांनी त्याच्या मोबाइलवर एआयएस उघडला. माझी तीन बिलं, त्याच तारखा, त्याच रकमा, त्याच्या पॅनवर.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गेलो. मॅडमनी शेवटी एक्सेल उघडलं. यादीत त्याची ओळ वर, माझी लगेच खाली. त्याचा पॅन खालच्या ओळीत ओढला गेला होता. नाव माझं, रक्कम माझी, पॅन त्याचा. विवरणात पॅनच धरतात, नाव नाही. दादाचा पॅन खरा आणि चालू, म्हणून ठेकेदाराला सिस्टीमने चूकही दाखवली नाही. पॅन चुकीचा किंवा अस्तित्वातच नसता, तर वीस टक्के का कापला नाही म्हणून त्यांच्याच नावावर मागणी निघाली असती, आणि मग एका दिवसात दुरुस्ती झाली असती. हे मी तिथे बोललो.

तरीही दुरुस्तीचं विवरण भरायला त्यांना जानेवारीचा तिसरा आठवडा लागला. शेवटची खेप त्यासाठीच, आणि तेव्हाही सुरुवात त्याच वाक्याने. या वेळी मी लेखी अर्ज नेला होता: बिलांचे क्रमांक, तारखा, कापलेली रक्कम, माझा पॅन, दादाचा पॅन, दोघांच्या सह्या, आणि दुसऱ्या प्रतीवर त्यांचा शिक्का घेतला. तोंडी सांगितलेलं सगळं हवेत जातं. शिक्का पडला आणि आठ दिवसांत काम झालं. हा अर्ज ऑक्टोबरात दिला असता तर तीन महिने वाचले असते, अशी माझी खात्री आहे.

दुरुस्ती झाल्यावर आठवडाभरात माझ्या २६एएसमध्ये तिन्ही नोंदी दिसल्या. माझ्या रिटर्नमध्ये आकडे आधीपासून बरोबर होते, त्यामुळे ते बदलायची गरज नव्हती. फेब्रुवारीत इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती केली, त्यात "रिटर्न पुन्हा प्रोसेस करा" हा पर्याय निवडला. पाच मिनिटांचं काम, फी नाही. २६एएसमध्ये नोंद दिसायच्या आधी ही विनंती करू नका, तेच जुनं उत्तर परत येतं. कायद्याने यावर सहा महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. माझे पैसे मे २०२४ मध्ये आले: ७,७५०. सव्वासात हजार आणि वर दरमहा अर्धा टक्का व्याज. बेंगळुरूच्या प्रोसेसिंग सेंटरबद्दल माझी काही तक्रार नाही.

मेसेज आला तेव्हा मी परांचीवर, म्हणजे गिलाव्यासाठी बांधलेल्या पहाडावर होतो. खाली उतरून आधी दादाला फोन केला, मग घरी. बायकोने वहीतल्या त्या तीन ओळींपुढचे पेन्सिलीचे गोल खोडले.

किती दिवस लागतात असं लोक विचारतात. सगळं जुळत असेल तर माझ्या अनुभवात दीड-दोन महिने. खात्याला मात्र ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरला ते संपल्यापासून नऊ महिन्यांची मुदत असते, त्याआधी घाबरू नका. २६एएसमध्ये फरक असेल तर दिवस मोजण्यात अर्थ नाही, ठेकेदाराच्या ऑफिसात जा.

आता मी ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि जूनमध्ये २६एएस उघडतो, म्हणजे त्या त्या तिमाहीची विवरणं येऊन गेलेली असतात. पुढचं आरए बिल देताना फरक दिसला तर तेव्हाच सांगतो. काम चालू असताना ऐकतात, साइट संपल्यावर ओळख दाखवत नाहीत.

माझ्याकडच्या एका मिस्त्रीचा रिफंड वेगळ्याच कारणाने अडकला होता: पॅन आधारशी जोडलेला नव्हता. १ जुलै २०२३ पासून असे पॅन निष्क्रिय झाले आणि निष्क्रिय पॅनवर रिफंड देत नाहीत. १,००० रुपये भरून जोडावा लागला. बँक खातंही पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करून ठेवा. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर आयएफएससी बदललेला असतो.

आणि हे सगळं २०२३-२४ मधलं आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे, कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत, तेव्हा ऑफिसात जाताना नवे क्रमांक सीएला विचारून घ्या. १६ए ला आता जे काही म्हणत असतील, ते तिमाहीचं प्रमाणपत्र मागायचं.