एका घराची किंमत किती?

शाळा सोडल्यानंतर मीही गणितच शिकवत आले, तेही लहान मुलांना. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा स्नेहसंमेलनं आणि सहली आठवल्याच. त्यांच्याबद्दल इतर जण लिहितीलच. मला लिहायचंय ते आलेखाबद्दल. आमच्या गणिताच्या बाईंनी आलेखावरचं प्रमाण, म्हणजे कागदावरचं एक घर किती धरायचं ते, आम्हाला ज्या क्रमाने शिकवलं, तोच क्रम मी माझ्या वर्गात आजही वापरते.

बाईंनी सुरुवातीला तयार आलेख दाखवलाच नाही. कोणाचा वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो ते विचारलं आणि एकेका महिन्याची रांग करून आम्हाला मैदानावर उभं केलं. एका रांगेतली मुलं हात पसरून ऐसपैस उभी राहिली, शेजारची खेटून. मुलं कमी असूनही पहिली रांग लांब दिसायला लागली आणि भांडण सुरू झालं. बाईंनी ते थोडा वेळ चालू दिलं. मग वर्गात नेऊन प्रत्येकाच्या हातात सारख्याच मापाचं चौकोनी कार्ड दिलं. भिंतीवर खाली एक आडवी रेघ होती. प्रत्येकाने आपलं कार्ड त्या रेघेपासून वर, फट न सोडता चिकटवायचं. प्रत्येक घर सारखं हवं आणि मोजणी एकाच रेघेपासून व्हायला हवी, या दोन गोष्टी आम्हाला त्या भांडणातूनच कळल्या होत्या. ती खालची रेघ म्हणजे शून्य, हे बाईंनी फक्त शेवटी सांगितलं.

पुढे ऑटो न्यूराथबद्दल वाचलं तेव्हा ही कार्डं आठवली. १९२०च्या दशकात व्हिएन्नामध्ये त्याने सर्वसामान्य माणसांसाठी आकडेवारीची चित्रं करायला घेतली. संख्या वाढली की चित्र मोठं करायचं नाही, तेवढ्याच आकाराची चित्रं जास्त काढायची, हा त्याचा नियम होता. चित्र दुप्पट उंच केलं की ते रुंदही दुप्पट होतं, चौपट जागा व्यापतं आणि बघणाऱ्याला दुपटीऐवजी चौपट वाटतं. वाढदिवसांच्या तक्त्यावर एखाद्या मुलाने हौसेने मोठं कार्ड आणलं, तर बाई ते का लावू देत नसत, ते यात आलं.

मग आली साऱ्या शाळेची माहिती. एका मुलाला एक कार्ड लावत गेलो, तर भिंत संपली. आता काय करायचं, हे बाईंनी आम्हालाच विचारलं. कोणीतरी म्हणालं, दोन मुलांना मिळून एक कार्ड लावू. मग विषम संख्येचं काय? अर्धं कार्ड. तेही पुरेना, म्हणून पाच मुलांचं एक कार्ड केलं, आणि तीन मुलं दाखवायला कार्डाच्या घड्या घालून कात्रीने कापणं सुरू झालं. सगळे पुरते वैतागल्यावर बाईंनी बाजूला एक उभी रेघ ओढली, तिच्यावर सारख्या अंतराने ०, ५, १०, १५ असे आकडे लिहिले आणि म्हणाल्या, "कार्डं राहू देत. आता पट्टीच रंगवा. ती दोन आकड्यांच्या मध्ये कुठेही थांबू शकते."

लहान मुलांना आलेख शिकवताना माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. कागद अपुरा पडतो म्हणून प्रमाण लागतं, आणि ते कोणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. ज्या मुलाने ते एकदा स्वतः ठरवलं आहे, ते दुसऱ्याच्या आलेखावर आपणहून शोधतं. ज्याने ठरवलेलं नाही, ते प्रत्येक घर एक धरून मोजत सुटतं. स्तंभालेखाचा जन्मही असाच अडचणीतून झाला. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये व्यापाराच्या आलेखांचं पुस्तक काढलं. बाकी देशांची बऱ्याच वर्षांची आकडेवारी त्याच्याकडे होती, म्हणून त्यांच्या रेषा काढता आल्या. स्कॉटलंडची मात्र एकाच वर्षाची मिळाली, तिची रेषा होईना, म्हणून त्याने आडव्या पट्ट्या काढल्या.

वाचनाची पाळी आली की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "एका घराची किंमत किती?" त्याचं उत्तर येईपर्यंत कोणता स्तंभ उंच, कोणता बुटका, हे बोलायचंच नाही. समजा उभ्या अक्षावर ० आणि २० एवढंच लिहिलंय आणि मध्ये चार बारीक रेघा आहेत. बहुतेक मुलं रेघा मोजतात आणि वीस भागिले चार, म्हणजे पाच, असं सांगून मोकळी होतात. बाई हे चूक आहे असं म्हणत नसत. शून्यावर बोट ठेवून उड्या मारायला लावत. पाच, दहा, पंधरा, वीस... आणि बोट अजून चौथ्याच रेघेवर! छापील वीस आणखी एक उडी पुढे. रेघा चार असल्या तरी त्यांच्यामधली घरं पाच आहेत, म्हणून एका घराचे चार. आपलं उत्तर बरोबर की चूक हे आलेखच सांगतो, शिक्षकाकडे पाहायची गरज उरत नाही. या तपासण्याची सवय एकदा लागली की मोजपात्र आणि तापमापीही त्याच रीतीने वाचता येतात. ३७ आणि ३८ अंशांच्या मध्ये दहा घरं असतील, तर ३७च्या पुढची चौथी रेघ ३७.४. हल्ली आकडा सरळ पडद्यावर उमटतो, त्यामुळे मुलांच्या डोळ्यांना हा सराव फार कमी मिळतो. मी वर्गात रेघांचं मोजपात्र मुद्दाम ठेवते.

आणखी एक अडचण मला शिकवायला लागल्यावर दिसली. फक्त ० आणि १०० अशी टोकं लिहिलेली रेघ दिली आणि दहा कुठे येईल विचारलं, तर अगदी लहान मुलं खूण बरीच उजवीकडे करतात. ओळखीच्या छोट्या संख्यांना ती ऐसपैस जागा देतात आणि मोठ्या संख्या शेवटी दाटीवाटीने बसवतात. अशा मुलाला आलेखाकडे नेण्याची घाई करू नये. आधी रेघ मधोमध दुमडून पन्नास शोधू द्यावेत, मग दहा-दहाच्या उड्या.

बाईंनी एकाच रोपाची वाढ दोन गटांना काढायला दिली होती. एका गटाला एक घर म्हणजे एक सेंटिमीटर, दुसऱ्याला दोन. बारा सेंटिमीटरचं रोप एका कागदावर बारा घरं उंच झालं, दुसऱ्यावर सहा. पहिला गट खूश झाला, "आमचं मोठं!" बाईंनी दोन्ही गटांना उंची आकड्यात सांगायला लावली.

शेवटचा धडा तुटक्या अक्षाचा. सोमवारी ४१ पुस्तकं वाचायला गेली, मंगळवारी ४३. अक्ष ४० पासून सुरू केला, तर मंगळवारचा स्तंभ सोमवारच्या तिप्पट उंच दिसतो. बाईंनी फळ्यावर तो आलेख काढून विचारलं, मंगळवारी तिप्पट पुस्तकं गेली का? आणि मग खालची चाळीस घरं आम्हाला काढायला लावली. स्तंभात आपण लांबीची तुलना करतो, म्हणून तो शून्यापासूनच हवा. तापमानाच्या रेषालेखात चढउतार पाहायचा असतो, तिथे अक्ष मधूनच सुरू झाला तरी चालतं, फक्त तो कुठून सुरू झालाय हे आधी वाचायचं. इतक्या लहान वयात आम्हाला हे झेपेल असं बाईंनी गृहीत धरलं, आणि झेपलंही.

शाळेत आज शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. आलेखाच्या प्रश्नात कोपऱ्यात प्रमाण तयार छापलेलं असतं आणि मुलं ते नुसतं उतरवतात. वर्षातून काही वेळा तरी तो कोपरा झाकून नुसती माहिती आणि कोरा आलेख कागद द्या. २, ५ की १०, कोणतं प्रमाण घेतलं आणि का, हे मुलाला एका वाक्यात लिहू द्या, आणि त्या वाक्यालाही गुण ठेवा.