वायमारमध्ये डिझाइन शिकताना तबल्याचा रियाज कसा टिकवायचा

घरी आठ-दहा वर्षं तबला, पेटी किंवा गाणं शिकून जर्मनीत डिझाइन शिकायला आलेल्या मुलामुलींचा रियाज बहुधा पहिल्याच हिवाळ्यात सुटतो. घरच्यांना तो आळस वाटतो. प्रत्यक्षात कारणं चार असतात: सेमिस्टरची रचना, शेजाऱ्यांपर्यंत जाणारा आवाज, कोरडी हवा आणि भारताशी असलेला साडेतीन-साडेचार तासांचा फरक. ही चारही आधीपासून माहीत असतात, म्हणून त्यांची सोय सेमिस्टर सुरू होण्याआधीच लावायला हवी. इथे वायमार आणि तबला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, पण बरंचसं जर्मनीत कुठेही आणि इतर वाद्यांनाही लागू पडेल.

वायमार हे थुरिंगिया राज्यातलं सुमारे ६५ हजार वस्तीचं गाव. वास्तुविशारद वाल्टर ग्रोपियसने १९१९ मध्ये इथे बाउहाउस हे कला आणि डिझाइनचं विद्यालय सुरू केलं, १९२५ मध्ये ते देसाऊला हललं. आजचं बाउहाउस विद्यापीठ हेन्री व्हान द वेल्डेने बांधलेल्या त्याच जुन्या इमारतीतून चालतं आणि त्याच गावात फ्रान्झ लिस्टच्या नावाचं संगीत विद्यापीठही आहे. डिझाइन आणि संगीत इथे पहिल्यापासून शेजारी राहिले आहेत. बाउहाउसमध्ये शिकवणारा चित्रकार पाउल क्ले उत्तम व्हायोलिन वाजवायचा, गेरट्रूड ग्रुनोव सूर, रंग आणि शरीराची हालचाल एकत्र शिकवायच्या, आणि विद्यार्थ्यांचा स्वतःचा बँडही होता. आपल्याशी धागा जुना आहे: १९२२ च्या डिसेंबरात बाउहाउसच्या कलाकारांची चित्रं कोलकात्यात मांडली गेली होती. डिझाइन शिकताना संगीत सोडावं लागतं, ही समजूत निदान या गावात तरी चालणारी नाही.

आता वेळेचा हिशेब. एका सेमिस्टरला ३० क्रेडिट आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम, म्हणजे ७५० ते ९०० तास. सेमिस्टर कागदावर २६ आठवड्यांचं असतं, त्यामुळे आठवड्याला ३५ तास पुरतील असं वाटतं. पण तासिका चालतात साधारण १५ आठवडे, आणि डिझाइनमध्ये कामाचा मोठा भाग एकाच प्रोजेक्टभोवती फिरतो. त्यामुळे पहिले चार-पाच आठवडे हलके जातात आणि शेवटचे चार अंगावर येतात. रियाजाचं वेळापत्रक मुलं नेमकी त्या हलक्या आठवड्यांत बनवतात, रोज दीड तास वगैरे, आणि ते अकराव्या आठवड्यात कोसळतं. उलट करा. शेवटच्या आठवड्यातही निभेल तेवढाच रोजचा रियाज ठरवा. तो बहुतेकांसाठी ४० मिनिटं असतो. हलक्या दिवसांत जास्त वाजवलं तर उत्तमच.

शेवटचे आठवडे का अंगावर येतात, हे घरच्यांनाही कळायला हवं. आई विचारते, "पेपर कधी संपणार?" पेपर नसतातच. दर आठवड्याला प्रोजेक्टची बैठक, मध्ये एक सादरीकरण, शेवटी अंतिम सादरीकरण, आणि तिथे मॉडेल पूर्ण होऊन समोर ठेवलेलं लागतं. समजा ते गुरुवारी आहे. रंगाचा शेवटचा हात मंगळवारी सकाळी बसला पाहिजे, नाहीतर मॉडेल उचलताना बोटांचे ठसे उमटतात. रंगाचे दोन-तीन पातळ हात सोमवारपासून, म्हणजे प्रायमर शनिवारपर्यंत वाळलेला, म्हणजे फिलर आणि सँडिंग शुक्रवारी वर्कशॉप बंद होण्याआधी आटोपलेलं. एमडीएफच्या (लाकडी तंतू दाबून केलेल्या फळीच्या) कापलेल्या कडा रंग पितात, त्यांना आधी सील करावं लागतं, त्याचा अर्धा दिवस वेगळा. स्प्रेच्या डब्यावर साधारण १० ते २५ अंशांची मर्यादा लिहिलेली असते. फेब्रुवारीत बाल्कनीत रंग मारला की तो वाळत नाही, ओघळतो. रविवारी दुकानं बंद, म्हणून संपलेला सँडपेपर सोमवारीच मिळतो, आणि रविवारी घरी ड्रिल किंवा सँडर चालवता येत नाही. शिवाय त्याच आठवड्यात लेझर कटर सगळ्यांनाच हवा असतो. कटिंग एक आठवडा अलीकडे ओढलं की दोन संध्याकाळ मोकळ्या होतात. रियाजाचा वेळ खरं तर इथून निघतो.

वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा शिरण्याआधी सुरक्षेची शिकवणी घ्यावी लागते, तिला सगळे आइनवायझुंग म्हणतात. तिच्या जागा भरतात. पहिल्या दोन आठवड्यांतच लाकूड, धातू आणि थ्रीडी प्रिंटिंग तिन्हींची नावं नोंदवून टाका.

आवाजाबद्दल भीती फार आणि माहिती कमी असते. ऑक्टोबर २०१८ मध्ये जर्मनीच्या संघीय न्यायालयाने आउग्सबुर्गच्या एका ट्रम्पेटवादकाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की घरात वाद्य वाजवणं हा सामान्य जगण्याचा भाग आहे आणि त्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. मार्गदर्शक म्हणून न्यायालयाने कामाच्या दिवशी सुमारे २ ते ३ तास आणि रविवारी-सुटीच्या दिवशी १ ते २ तास सांगितले, तेही शांततेच्या वेळा पाळून. व्यावसायिक वादक आणि हौशी वादक असा फरक केला नाही. रात्री १० ते सकाळी ६ शांतता सगळीकडे, आणि बऱ्याच इमारतींच्या नियमावलीत दुपारी १ ते ३ सुद्धा. भाडेकराराला जोडलेली ती नियमावली सही करण्याआधी वाचा. पहाटेचा रियाज इथे विसरायचा.

कायदा बाजूने असला तरी शेजारी रोजचे असतात. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात खालच्या आणि बाजूच्या घरी जाऊन आपली वेळ सांगा, फोन नंबर द्या, आणि परीक्षेच्या किंवा तान्ह्या बाळाच्या घरी कोणती वेळ नको ते विचारा. ठरलेल्या वेळी येणारा आवाज लोक बराच सहन करतात. कधी येईल याचा भरवसा नसलेला आवाज दहा मिनिटंही सहन होत नाही. काही वसतिगृहांत तळघरात संगीताची खोली असते, तिची किल्ली अनामत भरून मिळते. खोली घेताना हे विचारायचं राहून जातं.

तबल्यात त्रास देतो तो डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा मोठा, खर्जाचा. उजव्या तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा टणक आवाज, हवेतून जाते, बंद दार-खिडकी तिला बरंच अडवते. डग्ग्याचा घुमारा चुंबळीतून फरशीत उतरतो आणि खालच्या घरी छतातून ऐकू येतो. त्यावर उपाय स्वस्त आहे: हार्डवेअरच्या दुकानात वॉशिंग मशीनखाली घालायची रबराच्या दाण्यांची चटई मिळते, साधारण ६० बाय ६० सेंटीमीटरची. दोन चटया शेजारी ठेवा, वर प्लायचा एक तुकडा, त्यावर जाड घडी घातलेली गोधडी, मग चुंबळ. नुसती गोधडी दाबली जाऊन कडक होते, तिचा उपयोग नाही. आपणही त्याच थरावर बसायचं.

आवाज न करता होणारा रियाजही बराच आहे. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, सगळ्यात मोलाची. थ्रीडी प्रिंटचे पहिले थर नीट बसतात का पाहत वीस मिनिटं उभं राहावं लागतं, तेवढ्यात एका कायद्याचे (ठरलेल्या बोलरचनेचे) पलटे, म्हणजे तिचे फेरफार, हातावर ताल धरून म्हणून होतात. बोटांच्या निकासासाठी, म्हणजे बोल स्वच्छ काढण्याच्या सरावासाठी, लाकडी फळीवर ताणलेला टॉवेल चालतो, पण फक्त निकासासाठी. सुराचा कान आणि डग्ग्याची मींड (घसरता सूर) त्यावर बिघडते, म्हणून आठवड्यातून निदान चार वेळा खऱ्या वाद्यावर बसा.

हवेबद्दल थोडं सविस्तर, कारण वाद्यं इथेच मरतात. बाहेर शून्य अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेच्या एका घनमीटरमध्ये जेमतेम ४ ग्रॅम पाणी असतं. हीच हवा खोलीत येऊन २१ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता २०-२२ टक्क्यांवर येते. मुंबई-कोकणातल्या हवेत घडलेली पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं चामडं, तिथे आकसते, ताणली जाते, आणि तबला अर्ध्या सुराने, कधी त्याहून जास्त चढतो. पेटीच्या पट्ट्यांच्या हिशेबात काळी एकचा तबला पांढरी दोनला जाऊन बसतो. मग मधल्या काळ्या शाईला बारीक भेगा जातात किंवा पुडी काठाशी फाटते. बरेच जण सूर चढलाय म्हणून त्याच सुरात वाजवत राहतात, आणि नुकसान तेव्हाच होतं. गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या काठाच्या वेणीवर, खालून हलके ठोके देऊन, समोरासमोरची घरं (वादीच्या पट्ट्यांमधल्या जागा) आळीपाळीने घेत सूर उतरवा. तेवढ्याने भागलं नाही तर वादीखालचे लाकडी गठ्ठे थोडे वर सरकवा. एप्रिल-मेमध्ये सूर पडायला लागला की हेच उलट करायचं.

दहा-पंधरा युरोचा आर्द्रतामापक घ्या आणि तबल्याच्या पेटीजवळ ठेवा. ४० ते ५० टक्के ठीक. अख्ख्या खोलीत ह्युमिडिफायर लावून ६० टक्क्यांवर नेऊ नका: थंड भिंतींच्या कोपऱ्यांत बुरशी धरते आणि अनामत रकमेतून कापून घेतात. भाडेकरारात रोज दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायला सांगितलेलं असतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून ओलावा फक्त वाद्याला द्या. गिटारवाले वापरतात त्या ४९ टक्क्यांच्या आर्द्रतेच्या पुड्या झाकण बंद होणाऱ्या पेटीत ठेवल्या की महिना-दोन महिने काम भागतं. हीटरपासून वाद्य लांब, आणि जमिनीखालून तापवण्याची सोय असेल तर फरशीवर कधीच नाही.

येताना तबल्याची जोडी, चुंबळी, हातोडी आणि ते ठेवायची पेटी मिळून दहा किलोच्या आसपास जातात, २३ किलोच्या बॅगेत हे मोठं ओझं आहे. हातोडी चेक-इन सामानातच टाका. शिसवीच्या तबल्यामुळे घाबरू नका: २०१७ पासून शिसम जातीची झाडं साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आली खरी, पण तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. हस्तिदंताची पट्टी असलेला जुना तंबोरा मात्र घरीच राहू द्या. तबल्याच्या तोंडाचं माप इंचात लिहून, त्याच कारागिराकडून बांधलेली एक जादा पुडी आणा. इथे ती मिळवायला आठवडे जातात.

गुरुजींकडचा ऑनलाइन क्लास भारताच्या वेळेवर बांधा. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथलं घड्याळ बदलतं, गुरुजींचं बदलत नाही. संध्याकाळी साडेसहाची वेळ उन्हाळ्यात इथे दुपारी ३ ला आणि हिवाळ्यात २ ला येते, म्हणजे नेमकी दुपारच्या शांततेत. साडेसातची वेळ उन्हाळ्यात ४, हिवाळ्यात ३. ती घ्या.

क्लासमध्ये लेहरा, म्हणजे तबल्याच्या साथीची फिरती धून, गुरुजींच्या बाजूने लावला की सगळं विस्कटतं. तो तुमच्यापर्यंत उशिरा येतो, त्यावर वाजवलेलं परत उशिरा जातं, आणि त्यांना तुम्ही सतत मागे पडताय असं ऐकू येतं. लेहरा तुमच्या खोलीत वाजवा, म्हणजे लेहरा आणि तबला एकत्रच तिकडे पोहोचतात. दोघांनी एकाच वेळी वाजवायचा हट्ट सोडा. झूममध्ये संगीतकारांसाठीचा "ओरिजिनल साउंड" चालू करा, नाहीतर ते तंबोऱ्याला गोंगाट समजून पुसून टाकतं आणि डग्ग्याची आस (रेंगाळणारा नाद) कापतं. व्हॉट्सॲप कॉलवर निकास तपासून घेण्यात अर्थ नाही. हेडफोन वायरचा, इंटरनेटही शक्यतो केबलचं. ब्लूटूथ आणखी उशीर घालतं, आणि त्याचा माइक सुरू झाला की आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो.

घरच्या फोनची गोष्ट त्याच घड्याळाची. आई-बाबांना रात्री नऊला निवांतपणा असतो, तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार, म्हणजे वर्कशॉपमध्ये हात गोंदाने भरलेले. रोज तो फोन कापला की तिकडे काळजी सुरू होते. सकाळी ८ ला कॉलेजच्या वाटेवर दहा मिनिटं आणि रविवारी ११ ला तासभर, हे बऱ्याच घरांना मानवतं. तिकडे रविवारची दुपारची जेवणं झालेली असतात, इथे दुकानं बंद असतात, कुणालाच घाई नसते. सादरीकरणाच्या आधीचे दोन आठवडे फोन कमी होतील हे महिनाभर आधी सांगा आणि त्या दिवसांत मॉडेलचा रोज एक फोटो पाठवा: पुठ्ठ्याचं, मग फोमचं, मग प्रायमर लावलेलं. मुलगी काय शिकते हे आजीलाही त्यातून कळतं. जुलैतल्या विद्यापीठाच्या वार्षिक प्रदर्शनात, समरीत, घरच्यांना व्हिडिओ कॉलवर फिरवून आणा.

दिवाळी हिवाळी सेमिस्टरच्या तासिकांत येते. गणपती मात्र उन्हाळी तासिका संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापूर्वी येतात. घरी जायचं तर तेव्हा, आणि त्याच खेपेत पुडी बांधून आणायची. इथेच राहिलात तर बर्लिन, फ्रँकफर्ट, म्युनिकच्या मराठी मंडळांना आरतीला आणि कार्यक्रमांना तबलजी हवाच असतो.

तिथे एक जपा. विद्यार्थ्याच्या परवान्यावर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस नोकरी चालते, पण मानधन घेऊन कार्यक्रम करणं स्वतंत्र व्यवसायात मोडतं. त्याला परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची आधी परवानगी लागते. अर्ज साधा आहे, उत्तराला मात्र वेळ लागतो. भाद्रपदातल्या कार्यक्रमाचं मानधन घ्यायचं असेल तर मे महिन्यातच अर्ज द्या, आणि पत्र हातात येईपर्यंत फक्त प्रवासखर्च घ्या, तोही पावतीवर.