कात्रज ते सिंहगड: खरी परीक्षा उताराची

कात्रजच्या जुन्या बोगद्यापाशी एसटीतून उतरलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. बोगद्याच्या डोक्यावर चढलं की भुलेश्वर रांगेची धार लागते. तीच धरून पश्चिमेकडे साधारण १६ किलोमीटर चालायचं आणि सिंहगडाचा घाटरस्ता गाठायचा, हा झाला केटूएस, म्हणजे ‘कात्रज टू सिंहगड’ ट्रेक. टेकड्या १३ म्हणतात. आमच्यातला बँकवाला मोजत होता; सातवीनंतर त्याचा आणि बाकीच्यांचा ताळेबंद काही जुळेना.

वाट चुकायची फारशी भीती नाही. उजव्या हाताला पुण्याचे दिवे, डावीकडे शिवापूरचं खोरं आणि सातारा हायवेवरची वाहनं; मधली धार सोडली नाही म्हणजे झालं. खालच्या कुठल्याशा मंगल कार्यालयातला डीजे चक्क तिसऱ्या टेकडीपर्यंत सोबतीला होता. शहर असं उशाला असल्यामुळेच लोक या ट्रेकला किरकोळ समजतात.

किरकोळ आहे तो चढायला. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास गवत वाळलेलं असतं, खाली मुरमाचा घसारा, पाय ठेवावा तर बूट आपला आपण पुढे निघतो. टॉर्चच्या झोतात उतार सपाटच भासतो. चांदण्यात उलट खाचखळगे नीट कळतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी टॉर्च बंद केले. तरी दोन-तीन उतार सगळ्यांनीच बुड टेकून काढले, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कुसळांचं मात्र वेगळं शास्त्र आहे. मोज्यात शिरलेलं कुसळ बाहेरून उपटायला गेलं की अडून बसतं. मोजा उलटा करून आतल्या बाजूनं ओढलं की सुटतं.

वाटेत पाणी नाही. माणशी तीन लिटर घ्या, कुरकुर करणाऱ्यालाही घ्यायला लावा.

गडावरच्या टॉवरचे लाल दिवे बरेच आधीपासून दिसायला लागतात. ‘आलंच की रे!’ असं कोणी म्हणालं की समजावं, अजून चार टेकड्या आहेत.

घाटरस्त्याला लागलो तेव्हा उजाडत होतं. वडाप जीपनं गडावर गेलो आणि पिठलं-भाकरीच्या पहिल्याच छपरात शिरलो. चुलीपाशी बसलेल्या मावशींनी आमच्या पँटींची मागची बाजू बघितली.

"कात्रजवरनं आलाय न्हवं? बसा. भाकऱ्या जास्तीच्या टाकते."