चॉकलेटातलं तूप

वैशाखात फ्रीजमधून काढलेल्या चॉकलेटवर पांढरट डाग दिसले की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "बुरशी आलीये, टाकून दे." टाकू नका. तो डाग बुरशीचा नाही, तुपाचा आहे. दुकानातून घरी येईपर्यंत वडी उन्हात जराशी पाघळली, मग फ्रीजमध्ये पुन्हा आळली. पण आळताना तिची घडी बिघडली आणि आतली चरबी वर आली. कोकोच्या बीमधल्या या चरबीला सगळे कोको बटर म्हणतात, मी तूप म्हणते. हे तूप सहा निरनिराळ्या रूपांत गोठतं. त्यातलं पाचवं रूप तेवढं कामाचं. त्याला चकाकी असते, मोडताना 'कट्' असा आवाज होतो आणि ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं. तोंडाची ऊब त्याहून दोन-तीन अंशच जास्त. एवढ्याशा फटीत चॉकलेटचा सगळा धंदा बसलेला आहे. थंड देशात हे छान जमतं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवाच जिभेपेक्षा गरम असते, त्याला चॉकलेटवाले तरी काय करणार?

पण ज्या तुपासाठी आज एवढा आटापिटा चालतो, ते कोकोच्या पाच हजार वर्षांच्या इतिहासात बहुतेक काळ अडचणच होतं. त्याचे दिवस पालटले ते जेमतेम पावणेदोनशे वर्षांपूर्वी. त्याआधी चॉकलेट खायची गोष्टच नव्हती. ते प्यायचं आणि मोजायचं.

इक्वेडोरमध्ये अँडीजच्या पूर्वेकडच्या उतारावर सांता आना-ला फ्लोरिडा नावाचं ठिकाण आहे. तिथल्या जुन्या भांड्यांत कोकोचे अंश सापडले, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचे. कोकोचं फळ थेट झाडाच्या खोडाला लागतं. फोडलं की आत पांढऱ्या, आंबटगोड गरात लपेटलेल्या तीसचाळीस बिया. गर चवीला झकास, बी मात्र कडूजहर. ती गरासकट पाच-सहा दिवस आंबवायची, उन्हात वाळवायची, भाजायची, सोलायची आणि मग वाटायची. यातलं आंबवणं किंवा भाजणं गाळलं तर चॉकलेटचा वास येत नाही. इतक्या कडू बीचा एवढा पिच्छा पुरवणाऱ्या त्या पहिल्या माणसांच्या चिकाटीचं मला फार नवल वाटतं.

पुढे मध्य अमेरिकेत माया लोकांनी या पेयाचं प्रस्थ वाढवलं. ग्वाटेमालात रिओ अझुल इथल्या एका थडग्यात पाचव्या शतकातलं एक भांडं मिळालं. वर कडी, झाकण फिरवून घट्ट बसवायचं आणि बाहेरून रंगवलेल्या चित्राक्षरांत आत काय आहे ते लिहिलेलं: कोको. दीड हजार वर्षांपूर्वीचं लेबलच की! आतली पुटं तपासायला पाठवली ती हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीच्या प्रयोगशाळेत, आणि लेबल खरं निघालं. आजच्या काही पाकिटांबद्दल एवढी खात्री देता येणार नाही, पण त्याकडे नंतर येऊ.

या पेयात साखर नसायची. मका, मिरची, व्हॅनिला, सुवासिक फुलं असं काहीबाही असायचं. सगळा जीव फेसात. प्रिन्स्टनच्या संग्रहालयात मायांचं एक चित्र काढलेलं पात्र आहे. त्यावर एक बाई उभी राहून हातातल्या भांड्यातून खाली ठेवलेल्या भांड्यात धार सोडते आहे, फेस यावा म्हणून. सात-आठशे वर्षांनी स्पॅनिश लोक आले, तेव्हाही ही धार तशीच चालू होती.

मोजण्याची गोष्ट याहून मजेची. आजचं मेक्सिको सिटी जिथे आहे तिथे अ‍ॅझ्टेकांची राजधानी होती, तेनोच्तित्लान. तिथल्या उंच पठारी हवेत कोको होत नाही. तो सोकोनुस्कोसारख्या गरम किनारी मुलखातून खंडणी म्हणून पाठीवर वाहून आणायचा. त्यामुळे राजधानीत कोकोची बी म्हणजे नाणं. स्पॅनिश राज्य आल्यावरही हे चलन मोडलं नाही. त्लाश्काला इथली १५४५ सालची भावाची यादी उपलब्ध आहे. त्यात टर्कीची मादी १०० बिया, टर्कीचं अंडं तीन बिया, नुकताच तोडलेला अवोकाडो तीन बिया, पिकून तयार झालेला एक बी, मोठा टोमॅटो एक बी. कोवळा अवोकाडो महाग आणि पिकलेला स्वस्त. उद्या सडणाऱ्या मालाचा भाव आज उतरतो, हे तेव्हाही मंडईत ठाऊक होतं. आणि श्रीमंताने पेला तोंडाला लावला की तो अक्षरशः रोकड पीत असे.

नाणं आलं की खोटं नाणं आलंच. साहागुन नावाच्या पाद्र्याने सोळाव्या शतकात अ‍ॅझ्टेक समाजाची बारीकसारीक नोंद केली. लबाड व्यापारी काय करतो तेही त्याने लिहून ठेवलंय. राजगिऱ्याचं पीठ मळून, नाहीतर मेण किंवा अवोकाडोच्या कोयीचे तुकडे घेऊन त्याला बीचा आकार द्यायचा, वरून खऱ्या कोकोचं टरफल चढवायचं आणि चांगल्या बियांत मिसळून खपवायचं. आपण एकादशीला भक्तिभावाने खातो तो राजगिरा मूळचा तिकडचाच, आणि तिकडे त्याने असेही धंदे केलेले आहेत.

कोकोच्या बिया सुट्टे पैसे म्हणून मध्य अमेरिकेत काही भागांत थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत चालल्या. ते चलन पुन्हा सुरू करण्याचा मान आपल्या किराणा दुकानदाराला द्यायला हवा. "सुट्टे नाहीत ताई, चॉकलेट देऊ?" असं म्हणत त्याचा हात बरणीत गेलेलाच असायचा. फक्त अ‍ॅझ्टेकांचं चलन दोन्ही बाजूंनी चालायचं आणि आपलं एकाच. तीच चॉकलेटं साठवून त्याला काडेपेटीच्या बदल्यात देऊन बघितली असती तर कळलं असतं. युपीआय आलं आणि हे चलन बसलं.

युरोपीय माणसाची आणि कोकोची पहिली गाठ पडली ती १५०२ मध्ये, कोलंबसच्या चौथ्या सफरीत, होंडुरासजवळच्या ग्वानाहा बेटापाशी. व्यापाऱ्यांची एक मोठी होडी अडवली, तीत या बिया होत्या. कोलंबसचा मुलगा फर्नांडो तेव्हा पोरसवदा होता आणि सफरीत बरोबर होता. त्याने पुढे लिहिलं की, काही बिया खाली सांडल्या तेव्हा होडीतली माणसं डोळाच निखळून पडल्यासारखी त्या वेचायला धावली. त्यांना बदाम समजून खलाशी पुढे गेले.

स्पेनमध्ये पोचल्यावर चॉकलेटात साखर पडली, दालचिनी पडली, ते गरम झालं. आणि मग आपल्याला अगदी ओळखीचा वाटेल असा प्रश्न निघाला: उपासाला चालतं का? यावर धर्मपंडित वर्षानुवर्षं भांडले. १६३६ मध्ये माद्रिदला आंतोनियो दे लेओन पिनेलोने या एकाच प्रश्नावर अख्खं पुस्तक काढलं. डॉमिनिकन पंथाचं म्हणणं, चालत नाही. जेझुइट म्हणत, चालतं. आणि कोकोच्या व्यापारात जेझुइटांचे हात गुंतलेले होते, हे इथे सांगितलेलं बरं. शेवटी १६६० च्या दशकात कार्डिनल ब्रांकाच्चोने निवाडा दिला की, पेयाने उपास मोडत नाही. सगळ्यांना हवा तोच निकाल लागला. मेक्सिकोतल्या चियापासची हकिगत याहून वरताण आहे. तिथल्या बायका भर प्रार्थनेत दासींकडून चॉकलेट मागवून पीत. बिशपने मनाई केली, आणि काही दिवसांत बिशपच वारला. त्याला विष चॉकलेटच्या पेल्यातूनच घातलं अशी गावात बोलवा होती, असं टॉमस गेज हा इंग्रज पाद्री लिहून गेलाय.

पॅरिसचे दरबार आणि लंडनची चॉकलेटगृहं मी सोडून देते. तिथे थाट फार आणि सांगण्यासारखं थोडं. १८२८ सालच्या अ‍ॅम्स्टरडॅमला जाऊ.

कोकोच्या सोललेल्या बीत निम्म्याच्या आसपास चरबी असते. पाण्यात किंवा दुधात ती नीट मिसळत नाही, पेल्यावर तवंग धरते. लोक तो वरून काढून टाकत, नाहीतर ती शोषली जावी म्हणून पिष्टमय काहीतरी घालत. व्हॅन हाउटन या डच कुटुंबाने यावर उपाय म्हणून दाबयंत्राचं पेटंट घेतलं. भाजलेल्या कोकोचा लगदा दाबून निम्म्याच्या आसपास तूप पिळून काढायचं आणि उरलेली चेपटी पेंड कुटून भुकटी करायची. कूनराड व्हॅन हाउटनने त्या भुकटीवर अल्कलीचा संस्कार केला. रंग गडद झाला, कडवटपणा उतरला आणि भुकटी पेयात सहज मिसळू लागली. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात असते ती कोको पावडर ही.

काम फत्ते झालं. राहता राहिलं पिळून काढलेलं तूप. त्याचं काय करायचं?

याचं उत्तर इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात मिळालं. १८४७ मध्ये फ्राय कंपनीने कोको आणि साखर पाण्यात न कालवता वितळलेल्या कोको बटरमध्येच कालवली. पातळ झालेलं मिश्रण साच्यात ओतलं, गार होऊन त्याची वडी पडली. भुकटी करताना जे काढून टाकलं, तेच परत घालून चॉकलेटची वडी झाली. त्या दिवसापासून मानपान उलटे झाले. तूप महाग, भुकटी स्वस्त. तूपवाली वडी साहेबांना, भुकटी कामगारांच्या कपात.

पुढचं भराभर घडलं. स्वित्झर्लंडमध्ये दानिएल पेटरने १८७५ च्या सुमारास चॉकलेटात दूध घातलं. दुधातलं पाणी ही त्याची डोकेदुखी, कारण पाण्याचा थेंब पडला की चॉकलेट दाटून त्याचा गोळा होतो. दूध आटवून बाळांसाठी खाद्य करणारा हेन्री नेस्ले त्याच गावात होता, हे नशीब. १८७९ मध्ये बर्नच्या रुडॉल्फ लिंटने दगडी रुळाखाली चॉकलेट तासन् तास, दिवसचे दिवस घोटायला सुरुवात केली आणि जिभेला लागणारी रवाळ कचकच गेली. यंत्र शनिवार-रविवारी चुकून चालू राहिलं आणि हा शोध लागला, अशी गोष्ट सांगतात. मला ती फार गोड वाटते, म्हणून फारशी खरी वाटत नाही.

त्याच दशकात टेटे क्वार्शी नावाचा माणूस आफ्रिकेजवळच्या फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया घेऊन आजच्या घानात परतला. आज जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो, आणि तिथल्या मळ्यांमध्ये राबणाऱ्या मुलांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. तो नवाही नाही. साओ टोमे या तेव्हाच्या पोर्तुगीज बेटांवर कोको वेठीच्या, जवळजवळ गुलाम मजुरांकडून पिकवला जातो, हे कॅडबरींच्या कानावर १९०१ मध्ये आलं. कॅडबरी क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, गुलामगिरीचे कट्टर विरोधक. तरी तिथली खरेदी त्यांनी थांबवली १९०९ मध्ये. दरम्यान एका वृत्तपत्राने या दुटप्पीपणावर कोरडे ओढले म्हणून त्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. खटला जिंकले. ज्युरींनी भरपाई मंजूर केली ती एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. एवढा नेमका निकाल क्वचितच वाचायला मिळतो.

तुपाच्या नखऱ्यांना सगळ्यात मोठं आव्हान दिलं अमेरिकन लष्कराने. १९३७ मध्ये कॅप्टन पॉल लोगनने हर्शी कंपनीकडे सैनिकांसाठी वडी मागितली. वजन चार औंस, ऊर्जा भरपूर, उन्हात पाघळायची नाही आणि चव उकडलेल्या बटाट्यापेक्षा थोडीशीच बरी. चव चांगली असली तर जवान संकटाची वाट न बघता आधीच फस्त करतील, ही भीती. कंपनीने ओटचं पीठ घालून हुबेहूब तशी वडी करून दिली. जवानांनी ती मनापासून नावडती ठरवली.

आता लेबलांकडे येते. कोको बटर महाग, म्हणून त्याच्या जागी पामसारखं स्वस्त तेल घालायचं, हा आजचा राजगिरा. केकवर ओततात ते 'कंपाउंड' आणि स्वस्त आइस्क्रीमच्या कांडीवरचा कुरकुरीत थर पुष्कळदा याच जातीचा. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचली की वनस्पती चरबीचं नाव दिसतं. २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतलं पीक बुडालं, कोको टनाला १२ हजार डॉलरच्या वर गेला, तेव्हा हा मोह आणखी वाढला.

युरोपात यावर देशादेशांत वर्षानुवर्षं भांडण झालं. शेवटी २००० साली नियम झाला की कोको बटरखेरीज दुसऱ्या चरबी पाच टक्क्यांपर्यंत चालतील, पण यादीत आहेत त्याच. यादीत सहा नावं. त्यातलं एक आंब्याच्या कोयीतलं तेल, एक साल वृक्षाच्या बियांचं, आणि एक चक्क कोकमाचं. म्हणजे आपलं मुठेल! कोकणात ज्याचा पांढुरका गोळा थंडीत टाचांच्या भेगांवर चोळतात, तेच. त्याला युरोपियन कायद्याने चॉकलेटात मानाने पाट मांडलाय. मुठेल कोको बटरपेक्षा चार-पाच अंश उशिरा वितळतं. थोडं मिसळलं तर वडी गरम हवेत जास्त तग धरते, असे प्रयोग आपल्याकडेही झालेले आहेत. मुठेलाची वडी मात्र अजून माझ्या हाती लागलेली नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आमसुलं आणि आगळ करून झालं की बियांचा ढीग मागे उरतो. त्याचं काय करायचं, हा प्रश्न आता कुणातरी नव्या फ्रायने सोडवायला हरकत नाही.