ऑब्जेक्ट फाइलच्या सफिक्सचा घोळ: जीसीसी सोर्समधून बिल्ड करताना

ज्या सर्व्हरवर काम करायचं होतं तिथला जीसीसी (सी वगैरे भाषांतला कोड मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलणारा कंपाइलर) जुना होता आणि रूटचे (म्हणजे सर्व्हरच्या प्रशासकाचे) अधिकार माझ्याकडे नव्हते. नवा कंपाइलर हवा तर तो सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, बिल्ड करून होम फोल्डरमध्ये टाकायचा, एवढाच मार्ग होता. सोर्सचा टारबॉल (एकत्र बांधलेली फाइल) उतरवण्यात सांगण्यासारखं काही नाही. कॉन्फिगरने (बिल्डआधी सगळं जागेवर आहे का ते तपासणारी स्क्रिप्ट) आधी जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या गणिताच्या तीन लायब्रऱ्या मागितल्या. त्याही होम फोल्डरमध्येच बिल्ड केल्या (आधी जीएमपी, मग एमपीएफआर, शेवटी एमपीसी, कारण प्रत्येकीला आधीची लागते) आणि 'विथ-जीएमपी' वगैरे ऑप्शन देऊन त्यांची जागा दाखवली. कॉन्फिगर निमूट पार पडलं.

मग मेक (प्रत्यक्ष बिल्ड करणारी कमांड) चालू केलं. बराच वेळ स्क्रीनवर ओळी धावत होत्या, आणि बिल्ड थांबलं ते या वाक्यावर: 'कॅनॉट कंप्यूट सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स: कॅनॉट कंपाइल'. अधिक माहितीसाठी कॉन्फिग डॉट लॉग बघा म्हणे.

या संदेशाचा मला अजूनही राग येतो. ऑब्जेक्ट फाइलचं (कंपाइल झालेल्या कोडच्या फाइलचं) सफिक्स, म्हणजे नावाचं शेपूट, डॉट ओ असतं, ते कोणाला माहीत नाही? शोधायला गेलं की दहा जण दहा उपाय सांगतात. कोणी म्हणतं सगळं पुसून पुन्हा करा, कोणी म्हणतं बूटस्ट्रॅप (नव्या कंपाइलरने स्वतःलाच पुन्हा बिल्ड करणं) बंद करा, कोणी म्हणतं जुनी आवृत्ती घ्या. प्रत्येकाचं खरंच चाललेलं असतं, कारण प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं. मुळात सफिक्सचा इथे काही संबंधच नाही. लिबजीसीसीचं (जीसीसीच्या सोबतच्या मदतनीस लायब्ररीचं) कॉन्फिगर नुकत्याच तयार झालेल्या कंपाइलरला पहिलं काम देतं ते हे: मेन फंक्शन असलेला, काहीही न करणारा चिमुकला प्रोग्रॅम कंपाइल करून दाखव, म्हणजे फाइलचं सफिक्स काय ते कळेल. तेच जमलं नाही की हा संदेश येतो. म्हणजे त्याचा अर्थ फक्त 'नवा कंपाइलर चालत नाही' एवढाच. का चालत नाही, ते लॉगमध्ये.

आणि लॉगही एक नाही. बिल्डच्या फोल्डरमध्ये प्रत्येक भागाचा स्वतःचा कॉन्फिग डॉट लॉग असतो. सगळ्यात वरचा उघडलात तर तिथे सगळं आलबेल दिसेल. एररच्या लगेच वरच्या ओळीत फोल्डरचा पूर्ण पाथ छापलेला असतो, त्याच फोल्डरातला लॉग उघडायचा. माझ्याकडे तो टार्गेटच्या (ज्या प्रकारच्या मशीनसाठी कोड बनतो त्याच्या) नावाच्या फोल्डरात, लिबजीसीसीच्या आत होता. तो शेवटून वाचायला जाऊ नका, तळाशी नुसत्या व्हेरिएबल्सची लांबलचक यादी असते. 'सफिक्स ऑफ ऑब्जेक्ट फाइल्स' शोधा आणि तिथून चार ओळी खाली वाचा. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं: सीसी१ला (जीसीसीच्या आतला, सी कोड प्रत्यक्ष कंपाइल करणारा प्रोग्रॅम) लिबएमपीसी डॉट एसओ डॉट ३ ही शेअर्ड लायब्ररी, म्हणजे एमपीसीचीच फाइल, सापडत नाही.

फाइल तर होती, मीच बिल्ड केलेली. पण 'विथ-एमपीसी' सांगतं ते लिंक करतानापुरतं. सीसी१ प्रत्यक्ष चालवताना लायब्ररी शोधतो तो सिस्टिमचा लोडर, आणि त्याला माझ्या होम फोल्डरचा पत्ता कुठून असणार? सीसी१वर एलडीडी (प्रोग्रॅमला कोणत्या लायब्रऱ्या लागतात आणि त्या सापडतात का ते दाखवणारी कमांड) चालवलं तर तिन्ही नावांपुढे 'नॉट फाउंड'. एलडी-लायब्ररी-पाथमध्ये (लोडरने कुठे शोधायचं ते सांगणारं व्हेरिएबल) लायब्रऱ्यांचं फोल्डर घालून एक्स्पोर्ट केलं आणि मेक पुढे सरकलं, तेव्हा फार बरं वाटलं.

पण तुम्ही या वाटेने जाऊच नका. सोर्सच्या मुख्य फोल्डरात उभं राहून कॉन्ट्रिब फोल्डरमधली डाउनलोड-प्रीरिक्विझिट्स ही स्क्रिप्ट चालवा. ती या लायब्रऱ्या उतरवून सोर्समध्येच जोडून देते, त्या जीसीसीबरोबरच बिल्ड होतात आणि लोडरचा प्रश्नच उरत नाही. हे जीसीसीच्या सूचनांच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात असायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आठवतील तशा बाकीच्या गोष्टी. ३२-बिट लायब्रऱ्या नसतील तर कॉन्फिगरला 'डिसेबल-मल्टिलिब' द्या, म्हणजे ३२-बिटचा भाग बिल्ड होणार नाही. सोर्सच्या फोल्डरात बिल्ड करू नका, बाजूला रिकामं फोल्डर करून तिथून कॉन्फिगर चालवा. ऑप्शन बदलले तर ते फोल्डर सरळ पुसून नवं करा, कारण जुन्या निकालांची कॅश फसवते. मेकला 'जे' हा ऑप्शन देऊन अनेक जॉब्स एकदम चालवले असतील तर खरी एरर वर कुठेतरी निघून गेलेली असते. अशा वेळी 'जे'शिवाय पुन्हा मेक करा, म्हणजे ती शेवटी दिसेल.

आणि हो, लायब्ररी-पाथ (वरचं एलडी-लायब्ररी-पाथ नव्हे) हे व्हेरिएबल तपासा. आधी रिकामं असलेल्या व्हेरिएबलला आपण पुढे फोल्डर आणि कोलन जोडतो, तेव्हा कोलन शेवटी लोंबकळत राहतं. त्याचा अर्थ 'चालू फोल्डर' असा धरला जातो आणि कॉन्फिगर तिथेच अडून बसतं. त्याची एरर मात्र नेमकी काय चुकलं ते सांगते. शेवटचं कोलन काढा आणि कॉन्फिगर पुन्हा चालवा.