तेहतीस बाय तेहतीस

स्मरणिकेच्या निमित्तानं शाळेचं जुनं जनरल रजिस्टर चाळायला मिळालं. सांगलीशेजारचं आमचं कुपवाड कसं वाढलं, ते त्यातल्या ‘जन्मस्थळ’ आणि ‘पूर्वीची शाळा’ या दोन रकान्यांत सरळ वाचता येतं. सुरुवातीच्या पानांवर कुपवाड, बामणोली, सावळी, कानडवाडी, बस्स. मग एमआयडीसीतले कारखाने वाढले आणि जत, कवठेमहांकाळ, आटपाडी ही दुष्काळी गावं पानापानावर दिसायला लागली. माझ्या बाकावरचा जतचा पोरगा घरी कन्नड बोलायचा. आम्ही त्याच्याकडून आधी शिव्या शिकलो, हे आता सांगायला हरकत नाही.

कारखान्यात काम मिळालं, पण राहायचं कुठं? ज्वारीच्या रानात चुन्याची फक्की मारून गुंठ्या-गुंठ्याचे प्लॉट पडू लागले. व्यवहार स्टँपपेपरवर, रस्ता बैलगाडीपुरता, गटार नाहीच. गणिताचे सर क्षेत्रफळ शिकवताना पुस्तक मिटायचे. “गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट. आता यात घर, न्हाणी आणि जिना बसवून दाखवा.” निम्म्या वर्गाच्या घरी तेव्हा तोच हिशेब चालू होता, त्यामुळं त्या तासाला कुणी पेंगायचं नाही. पावसाळ्यात मात्र काळ्या मातीत चपला रुतायच्या, म्हणून पोरं त्या हातात घेऊन यायची.

रानात असे परवानगीशिवाय गुंठे पाडून विकण्याला, म्हणजे गुंठेवारीला, नावं ठेवणं सोपं आहे. पण हप्त्यानं गुंठा देणारा शेतकरी नसता, तर त्या कामगारांना दारात उभं कुणी केलं असतं? चूक झाली ती रस्ते अरुंद ठेवण्यात, आणि ती आजही निस्तरतोय.

९ फेब्रुवारी १९९८ ला सांगली, मिरज, कुपवाड मिळून महानगरपालिका झाली. २००१ च्या कायद्यानं गुंठेवारी नियमित व्हायची वाट उघडली. पण राहायला येणाऱ्यांची मोठी लाट आणली कृष्णेच्या पुरानं. २००५ ला आणि २०१९ ला सांगलीत पाणी शिरलं. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली. एरवी ‘कुपवाड लांब पडतंय’ म्हणणारे पाहुणे मग ‘तुमच्याकडं पाणी येत नाही ना?’ असं विचारत प्लॉट बघायला आले. अपार्टमेंट उभ्या राहिल्या आणि रजिस्टरात पूर्वीची शाळा म्हणून सांगलीतल्या शाळांची नावं चढली.

समितीला एकच विनंती. कार्यक्रमाचा खर्च भागून काही उरलं, तर ही रजिस्टरं आधी स्कॅन करून घ्या. पहिल्या खंडाच्या कडा हात लावला तरी तुटतात.